सोयरा कुणाला धरावं

भोकरदन, १५ एप्रिल २०२५

श्री. राधेश्याम दाजी यांस,

तुम्ही आमचे जावई. जावयाला नमस्कार घालावा लागतो, म्हणून घातला. आता कामाचं.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "बराबर, बराबर" म्हणता आणि दुसऱ्या दिवशी म्हणता, मी असं बोललोच न्हाई. कागदाला तसं म्हणता येत नाही.

परवा रविवारी तुमच्या बदनापूरच्या गेमझोनमध्ये फायनल झाली. एका खुर्चीत मी, वय एकावन्न, डोळ्याला जाड चष्मा. दुसऱ्या खुर्चीत तुमचा सख्खा पुतण्या अंगद, वय वीस. गेम फायटिंगचा. पाचांत तीन डाव जिंकेल त्याची ढाल. पहिले दोन डाव मी घेतले. तिसऱ्यात अंगदच्या पैलवानाची ताकदीची पट्टी लाल होऊन नखाएवढी उरली होती. एक लाथ बसली की ढाल भोकरदनला. तेवढ्यात लाईट गेली.

तुमच्या हॉलमधली गेली, असं मुद्दाम लिहितो. कारण समोरच्या रसवंतीची मोटार फिरतच होती. मी माझ्या कानानं ऐकली.

लाईट आल्यावर तुम्ही शिट्टी फुंकली आणि म्हणालात, "मॅच पहिल्यापासून." जानेवारीत, त्याच हॉलमध्ये, त्याच शिट्टीनं, अंकुशनगरचा सूरज आणि अंगद खेळत असताना लाईट गेल्ती तेव्हा काय म्हणाला होतात? "जो पुढं होता तो जिंकला." तेव्हा पुढं अंगद होता. म्हणजे तुमच्या हॉलचा नियम लाईटीकडं बघून ठरत नाही, अंगदच्या तोंडाकडं बघून ठरतो.

हे मी सभ्य शब्दांत विचारलं. तर तुम्ही माईक हातात घेऊन साऱ्या पोरांसमोर म्हणालात, "मेहुणे, घरचे म्हणून तुमाला सवलत देऊ का?" पोरं फिदीफिदी हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, चष्मा पुसून घ्या!" त्यानंतरचे तीनही डाव मी हरलो. हरलो ते अंगदकडून नाही. रागानं माझे अंगठे माझ्या ताब्यात नव्हते.

दाजी, मला दुरुस्तीचं काम कुणी शिकवलेलं नाही. टीव्ही उघडून टीव्ही शिकलो, गेमची मशीन उघडून मशीन शिकलो. गेम खेळायला शिकलो तो दुरुस्त केलेली मशीन तपासता तपासता. त्यामुळं कुठल्या स्क्रूच्या जागी कुठला स्क्रू नाही हे मला लांबून दिसतं. तुमच्या शिट्टीच्या जागी नियम नाही.

तो मी बसवणार आहे. माझं भोकरदन, तुमचं बदनापूर, जालना, अंकुशनगर, चारही गेमझोनना एकच नियम. आणि त्याच्या खाली तुमची सही असेल, तुमच्याच पेनानं. त्या दिवशी तुम्हाला कळेल की माईकवर हसवणं वेगळं आणि कागदावर फसणं वेगळं.

दैवशालाला आशीर्वाद. भाऊ म्हणून सांगतो, तिचा ह्यात काही संबंध नाही.

कल्याण

*

भोकरदन, २ जून २०२५

दाजी, नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच मी कामाला लागलो.

आधी अंकुशनगरला गेलो. कारखान्याच्या वसाहतीजवळ मिथुनचं गेमझोन आहे. पोरगा तिशीचा, तोंडानं तिखट. मी नियमांचा विषय काढला तर म्हणाला, "काका, आमच्याकडं नियम एकच. लाईट गेली की रिमोट मांडीवर ठेवायचा अन् गप बसायचं. जो आधी बोलला तो हरला."

मी म्हणालो, "हा नियम न्हाई, ही शाळेतली शिक्षा झाली."

"पण चालून राह्यली ना? अन् तुमच्याकडं काय करता?"

"आमच्याकडं चालू डाव पुन्हा. झालेले डाव कायम."

"मंग आमची पोरं तुमच्याकडं आली की भांडतात, ते बराबरच आहे म्हणा."

सूरज तिथंच बसला होता. तोच, ज्याला तुम्ही जानेवारीत घरी पाठवलं. तो म्हणाला, "काका, मी त्या दिवशी बदनापूरला लाईट आल्यावर बी रिमोट मांडीवर ठेवून गप बसल्तो. मला वाटलं, मी जिंकून राह्यलो." त्याच्या मागं बसलेली सगळी पोरं हसली, मिथुन हसला नाही. त्यानं मला चहा सांगितला आणि म्हणाला, "काढा तुमचा कागद."

जालन्याचं अवघड होतं. तातेरावांना तुम्ही ओळखता. मोठं गेमझोन, मोठा टीव्ही, मोठा आवाज. म्हणाले, "जालन्यानं नियम करायचे अन् तालुक्यानं पाळायचे, ही रीत. तुम्ही भोकरदनहून नियम घेऊन आलात, म्हणजे बैल गाडीत अन् गाडीवान जुवाला." मी वाद घातला नाही. त्यांच्या दोन नंबरच्या रिमोटची उजवी कांडी अडकत होती. मी खिशातला पेचकस काढला, रिमोट उघडला, कांडीखालची घाण काढली, बंद केला. बाहेरगावच्या खेळाडूला तिथं नेहमी दोन नंबरचाच रिमोट मिळतो. मी ते बोललो नाही. फक्त रिमोट त्यांच्या हातात देताना त्यांच्या डोळ्यात बघितलं.

"रिमोट चिठ्ठ्या टाकून द्यायचे," हा चौथा नियम तातेरावांनी स्वतःच सुचवला.

असा एकेक स्क्रू बसत गेला. लाईट गेली तर दोघांनी रिमोट टेबलावर पालथा ठेवायचा, झालेले डाव कायम, चालू डाव पुन्हा. पंच बाहेरच्या गेमझोनचा. प्रेक्षकांतून खेळाडूला युक्ती सांगणाऱ्याला बाहेर. आणि नियम सात. तो मी खास तुमच्यासाठी लिहिला आहे, म्हणून पूर्ण उतरवतो :

"ज्याच्या गेमझोनमध्ये स्पर्धा, त्या मालकाचा सोयरा त्या स्पर्धेत खेळणार नाही."

तातेराव म्हणाले, "सोयरा म्हणजे कोण ते लिहा. सोयरा कुणाला म्हणावं ह्याच्यावर आपल्या जिल्ह्यात आधीच लई कागद लागलेत."

मी लिहायला घेतलं. भाऊ, मुलगा, पुतण्या, भाचा.

"साडू?" तातेरावांनी विचारलं.

"धरा."

"मेहुणा?"

"धरा. यादी अर्धी ठेवायची नसते."

मग त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. म्हणाले, "माझं अवघड होतं. आमचा धाकटा रामकिसन. वाटणी झाल्यापासून त्याच्या घरी आमचं जाणं-येणं बंद आहे. लगीन न्हाई, मयत न्हाई. पण त्याचं पोरगं माझ्याकडं खेळायला येतं. मी पुतण्या म्हणत न्हाई, गिऱ्हाईक म्हणतो. तुमच्या ह्या नियमात तेवढं एक पोरगं बी तुटंल."

मी तिथंच पोटनियम लिहिला. "दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद असेल आणि दोन्ही घरांनी तसं सहीनिशी लिहून दिलं असेल, तर सोयरा धरू नये." तातेरावांनी तो दोनदा वाचला आणि मला जेवायला थांबवलं.

सातव्याचं खरं पातं कुणाच्याच लक्षात आलं नाही. तुमच्या येईल. बदनापूरला ह्यापुढं स्पर्धा झाली तर अंगद तिथं पाण्याचे ग्लास वाटायला असेल, खुर्चीत नाही. तुमच्याच हॉलमध्ये, तुमच्याच डोळ्यांदेखत. आणि तुमच्याच सहीनं.

बैठक दहा ऑगस्टला, जालन्याला, तातेरावांकडं. या.

कल्याण

*

भोकरदन, ११ ऑगस्ट २०२५

दाजी, नमस्कार.

काल तुम्ही आला नाहीत. कंबर धरली, असं दैवशाला म्हणाली. जिथं सही करायची असते तिथं तुमची कंबर बरोबर धरते.

तिला बघून मला आधी राग आला. आदल्याच दिवशी तिची पोस्टानं आलेली राखी मी बांधून घेतली होती, ती हातात होती. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "तू कशाला आलीस? हे पुरुषांचं भांडण आहे."

"भांडण असंल तर जाते. मला तर बैठक सांगितली," ती म्हणाली. "अन् गेमझोनचा परवाना माझ्या नावावर आहे, दादा. त्यांची सही चालतच न्हाई."

हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही. चार महिने मी तुमच्या पेनाची वाट बघितली, आणि पेन तुमचा नव्हताच. ही तुमची आणखी एक लबाडी मी नोंदवून ठेवतो.

तिनं सगळे नियम वाचले. बोट ठेवून, एकेक. लाईटीच्या नियमाशी थांबली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "त्या दिवशी रसवंतीची लाईट होती अन् आपली गेल्ती, कारण मेन स्विच पडला. कूलरमुळं पडला. कूलर मी लावल्ता. तुला घाम फुटल्ता, चष्मा घसरू राह्यल्ता, म्हणून लावल्ता."

हे मी इथं माहिती म्हणून लिहितो, माफी म्हणून नाही. स्विच कूलरनं पाडला असेल, "मॅच पहिल्यापासून" हे कूलर बोलला नव्हता. तुम्ही बोललात.

सातव्या नियमाशी ती पुन्हा थांबली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. तिनं वर न बघता विचारलं, "हा अंगदसाठी आहे न्हवं?"

"सगळ्यांसाठी आहे," मी म्हणालो.

"बरं. अंगदला मी सांगते." आणि सही केली.

दाजी, त्या क्षणी मला जे वाटलं ते मी चार महिने घासून घासून तयार केलं होतं. गोड लागलं. खोटं कशाला सांगू?

मग पहिली स्पर्धा कुठं, ह्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. तातेरावांच्या नातीनं चिठ्ठी उचलली. बदनापूर. माझ्या तोंडून "शाब्बास" निघालं. बारा ऑक्टोबर, बदनापूर, आणि अंगद बाहेर. देवानं तुमचा पत्ता शोधून काढला, असं मला वाटलं.

तेवढ्यात मिथुन कागद घेऊन वाचायला लागला. "भाऊ, मुलगा, पुतण्या, भाचा, साडू..." आणि थांबला. "काका, तुम्ही ताईचे कोण?"

तातेराव इतके हसले की खोकला लागला. "अहो कल्याणराव, स्वतःच्या हातानं स्वतःला कुलूप लावलं!"

मिथुन भला पोरगा आहे. म्हणाला, "भाऊ अन् मेहुणा खोडून टाका की. दोन रेघा मारायच्या अन् मोकळं व्हायचं."

मी नाही म्हणालो. माझ्यासाठी भाऊ-मेहुणा खोडला तर उद्या तुम्ही अंगदसाठी पुतण्या खोडाल, आणि मग तुमच्या शिट्टीत आणि माझ्या कागदात फरक काय राहिला? माझ्या नियमाला खोडाखोड चालत नाही.

"मंग पोटनियम हायेच की," तातेराव म्हणाले. त्यांचं हसणं अजून संपलं नव्हतं. "जाणं-येणं बंद, असं दोघांनी लिहून द्या. एप्रिलपासून गेलात का बदनापूरला?"

"नाही."

"मंग खोटं थोडंच आहे?"

सगळे दैवशालाकडं बघायला लागले. ती पिशवीचे बंद नीट करत होती. म्हणाली, "दादा, दिवाळीच्या आधी लिहून द्यायचं का नंतर?"

मी म्हणालो, "स्पर्धेच्या आठ दिवस आधी. तशी मुदत आहे."

तिनं मान हलवली आणि बदनापूरची गाडी धरायला निघाली. स्टेशनपर्यंत सोडू का, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर जाणं-येणं झालं असतं.

कल्याण

*

भोकरदन, २० सप्टेंबर २०२५

श्री. राधेश्याम यांस,

'दाजी' लिहिलेलं नाही. कागदाच्या मजकुराशी विसंगत झालं असतं.

तुमचा फोन आल्ता. "मेहुणे, एवढ्यावर कशाला नेता, मी माईकवर माफी मागतो," असं म्हणालात. माफी मागणार ती एप्रिलची. पण एप्रिलमध्ये हसलेली पोरं ऑक्टोबरमध्ये त्याच जागी बसलेली असतील आणि मला त्यांच्यासमोर त्याच खुर्चीत जिंकायचं आहे. अंगद बाजूला उभा असताना. माफीनं ते होत नाही.

मजकूर असा हवा : "बदनापूर व भोकरदन येथील आमच्या दोन घरांचे जाणे-येणे बंद आहे. कल्याण यांस सोयरा धरू नये." खाली दैवशालाची सही. परवाना तिचा आहे, तुमची चालणार नाही. माझ्या बाजूचा कागद सोबत जोडला आहे, सही करून.

शाई निळी किंवा काळी. हिरवी चालत नाही.

कल्याण

*

भोकरदन, १४ ऑक्टोबर २०२५

दाजी,

काय लिहावं ह्याचा विचार करत दोन दिवस बसलो. शेवटी दाजीच लिहिलं. का, ते खाली येईल.

परवा मी जिंकलो. तुम्ही होतात, तुम्हाला माहीत आहे. तरी माझ्या बाजूनं नोंद असावी.

हॉल भरला होता. नियमाप्रमाणं रिमोटच्या चिठ्ठ्या पडल्या, पंच म्हणून मिथुन आणि तातेराव आळीपाळीनं बसले. फायनलला समोर सूरज, म्हणून पंच तातेराव. दुसऱ्या डावात लाईट गेली. ह्या वेळी रसवंतीचीही गेली. अंधारात दोन रिमोट टेबलावर पालथे पडल्याचा आवाज झाला, टक, टक, आणि सत्तर-ऐंशी पोरं गप बसून राहिली. कुणी कुणाला "काका" म्हणून ओरडलं नाही. लाईट आली, तातेरावांनी सांगितलं, "पहिला डाव कायम, दुसरा पुन्हा," आणि आम्ही खेळायला लागलो. भांडण नाही. मी आजवर पुष्कळ मशीन दुरुस्त केल्या, पण एवढी बिनआवाजाची एकही चालली नव्हती.

तीन-एकनं जिंकलो. अंगद दाराशी उभा होता, हातात पाण्याचा जग. जसं मी जूनमध्ये लिहिलं होतं तसंच. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली नाही. म्हणाला, "भारी खेळलात, मामा." मग जीभ चावली आणि म्हणाला, "म्हणजे, काका."

त्याला कुणी शिकवलं होतं, हे मला पाच मिनिटांत कळलं.

ढाल द्यायला दैवशाला आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर. मी उभा राहिलो. तिनं ढाल पुढं केली आणि म्हणाली, "अभिनंदन, कल्याणराव."

एक्केचाळीस वर्षांची आहे ती. जन्मली तेव्हापासून तिच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. चांगलं नाव आहे. त्या दिवशी दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

मग चहा झाला. बाहेरगावच्या खेळाडूंना बाहेर मांडवात, कागदी कपात. मीही तिथं, सूरजच्या शेजारी. तुम्ही घरातून आलात, माझा दंड धरला आणि म्हणालात, "मेहुणे, चला आत, तिनं धपाटे केलेत." ती तुमच्या मागं दारात उभी होती. तुमच्याकडंच बघत म्हणाली, "अहो, त्यांचं आपल्याकडं जाणं-येणं न्हाई. मी सही केलीय." आणि मला विचारलं, "भोकरदनची बस आहे न्हवं तुम्हाला? उशीर नका करू."

आवाज चढवला नाही. डोळ्याला पदर लावला नाही. मी लिहिलेला नियम तिनं मी लिहिला तसा, काना-मात्रेसकट पाळला. जिल्ह्यात कुणीच एवढा नीट पाळलेला नाही. मी तुमच्यावर सूड घ्यायला निघालो होतो, दाजी, आणि तो घ्यायला ती तुमच्या घरात माझ्यापेक्षा हुशार निघाली. घेतला मात्र तुमच्यावर नाही.

बसमध्ये ढाल मांडीवर होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "पोराला मिळाली का?" मी हो म्हणालो.

आता मुद्द्याचं. नियम अकरा : "निकालावर कुणालाही तीन दिवसांत लेखी हरकत घेता येईल." कुणालाही, असा शब्द आहे. विजेता सोडून, असं मी लिहिलेलं नाही, मी तपासलं. आज दुसरा दिवस. म्हणून हा कागद हरकतीचा समजावा. एक प्रत तातेरावांना, एक मिथुनला पाठवली आहे.

हरकत : विजेता कल्याण हा अपात्र आहे. तो गेमझोनच्या मालकीणबाईंचा सख्खा थोरला भाऊ आहे. ढाल सूरजला द्यावी. ती बसच्या कंडक्टरबरोबर अंकुशनगरला रवाना केली आहे.

तुम्ही म्हणाल, लेखी दिलं होतं ना, जाणं-येणं बंद? पोटनियम नीट वाचा. दोन्ही घरांची सही लागते. माझ्या घराची सही मी आज मागं घेतली. एका घराच्या सहीवर सोयरीक तुटत नाही.

गैरसमज करून घेऊ नका. एप्रिल मी विसरलेलो नाही. तुमची शिट्टी, तुमचा माईक, सगळं जागच्या जागी आहे. अंगदची ढाल गेली आणि मलाही मिळाली नाही, ह्यातला पहिला अर्धा भाग अजूनही मला गोड लागतो. पुढची स्पर्धा अंकुशनगरला आहे. तिथं तो मोकळा, मीही मोकळा. त्याला सांगा, अंगठ्यांना तेल लावून ये.

पण दिवाळीत मी येणार आहे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या बसनं. तुम्ही दार उघडा किंवा उघडू नका, कंबर धरा किंवा सोडा. दैवशालाला वाटलं तर तिनं मला कल्याणराव म्हणावं, कागदी कपात चहा द्यावा, मांडवात बसवावं. तिला सही मागं घ्यायची नसेल तर तिनं घेऊ नये. तिच्या एकटीच्या सहीनं काही होत नाही. नियमानं मी तुमचा मेहुणा आहे, आणि नियम तुमच्याच हॉलनं मंजूर केलेला आहे.

करा काय करायचं ते.

कल्याण